धाकूभाऊ, अंड्यांवर नर बसतो

धाकूभाऊ, तुम्ही गेल्याचं सांगायला तुमचा बुधा परवा डॉक्टरांच्या बंगल्यावर आला तो मागच्या दाराने. विहिरीकडून, भांडी घासायच्या दगडाजवळून. फाटक उघडं होतं, पुढच्या पायऱ्या मोकळ्या होत्या, तरी तो मागून आला. तीन वर्षांपूर्वी त्या पुढच्या पायऱ्यांवरून तुम्हाला परत पाठवलं, त्यानंतर तुमच्या घरातलं कुणी त्या चढलेलं नाही. आणि तुम्हाला परत पाठवायला कारण मी होतो. हे बुधाला माहीत नाही. डॉक्टरांना परवापर्यंत माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं की नाही, तेवढं विचारायचं राहून गेलं.

बुधा म्हणाला, "आबा गेला. आयनं मास्तरला सांग म्हनून धाडलं." मी बस म्हटलं तर बसला नाही. उभ्या उभ्या ओंजळीने पाणी प्यायला आणि निघाला. पाठमोरा अगदी तुमच्यासारखा चालतो. टाच टेकवत नाही.

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, तुमच्या वाडीपुरता मास्तर, असलं काही लिहायची सवय नाही. मी आजवर लिहिलं ते सगळं तुमचं बोलणं. तुम्ही सांगायचं आणि मी वहीत उतरवायचं. आज सांगणारं कुणी नाही म्हणून हात सारखा थांबतो.

मी सांगोल्याकडचा. वडील गेले तेव्हा शाळा सुटली, आई आणि धाकटी बहीण गावाकडे ठेवून मी इतक्या लांब लोणावळ्याला आलो आणि डॉक्टरांकडे लागलो, तो एका अक्षराच्या जोरावर. अक्षर माझं चांगलं. डॉक्टर पलटणीतून निवृत्त झालेले, गुडघे धरलेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चाललेला, आणि मावळातल्या पाखरांवर मोठं पुस्तक लिहायचं त्यांनी मनात घेतलेलं. त्यांना डोंगर चढता येत नव्हता. तुम्हाला लिहिता येत नव्हतं. मधला जो पूल लागतो तो मी होतो. पुलाला कुणी नमस्कार करत नाही, हे मला फार लवकर कळलं.

मला तुमचा हेवा वाटायचा, धाकूभाऊ. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आठवड्याच्या शेवटी आपण दोघं व्हरांड्यात जायचो. मी वही उघडून वाचायचो. पाखरू कोणतं, कुठं दिसलं, घरटं कशाचं, अंडी किती, त्यांवर बसतं कोण. वाचून होईपर्यंत डॉक्टर डोळे मिटून ऐकायचे आणि संपलं की माझ्याकडे न बघता म्हणायचे, "धाकू, बस." वेताची ती मोठी खुर्ची तुमच्यासाठी. तुम्ही तिच्या अगदी कडेला टेकायचा, जणू दुसऱ्या कुणाला जागा ठेवलीय. मी उभा. मुंबईचे पाहुणे आले की डॉक्टर तुमच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "हे माझे गुरू." आणि मला? मला ते 'आमचा लेखनिक' म्हणायचे. आठ वर्षांत नावाने किती वेळा हाक मारली ते मी बोटांवर सांगू शकतो, आणि त्या हाका मी मोजल्या आहेत यावरून काय ते समजा.

दुसऱ्या कुणाचा हेवा केला असता तर निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. तुम्हाला काय देणार? आल्याच्या पहिल्याच वर्षी आंदर मावळात तुमच्याबरोबर हिंडताना मला हिवताप भरला. तुम्ही मला टाकव्याच्या वाटेवरून पाठीवर घेऊन वाडीवर नेलंत. तीन आठवडे मी तुमच्या झोपडीत पडून होतो आणि चिमावहिनी मला नाचणीची पेज पाजत होत्या. घरात बुधाच्या तोंडाला पेज कमी पडते आहे हे मला पडल्या पडल्या दिसायचं. मी बरा झाल्यावर आईला पत्र लिहिलं, की इथं मला एक भाऊ मिळाला. ते खोटं नव्हतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तुम्ही परत वेताच्या खुर्चीत बसलात आणि माझ्या पोटात दुखलं, तेही खोटं नव्हतं.

तुमच्याबरोबर चालताना मी किती हसलो आहे. बाभळीवर सुगरणींचे खोपे लोंबायचे. नर अर्धा खोपा विणून त्याला उलटा लटकून पंख फडफडवत असायचा, मादी यायची, आत डोकावायची, एक काडी उपटून बघायची आणि पसंत नाही म्हणून निघून जायची. तो बिचारा पुन्हा दुसरा विणायला घ्यायचा. तुम्ही म्हणायचा, "बग मास्तर, तुझ्यासारखाच. आर्धा खोपा, आन वरडतोय किती." वाडीवर जाऊन तुम्ही ते वहिनींना सांगितलंत तर त्या म्हणाल्या, "त्येच्या खोप्यात बगायला तरी कोन आलंय?" माझं लग्न ठरत नव्हतं त्या दिवसांत हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही.

आणि ते बेडूक. दिवस मावळायला खाचराच्या बांधावर बसवून तुम्ही मला दाखवलंत. एक बेडूक गळा फुगवून ओरडतोय, जीव तोडून. त्याच्या शेजारी वीतभर अंतरावर दुसरा, अगदी गप. मादी ओरडणाऱ्याच्या आवाजावर पोहत आली आणि मध्येच त्या गप बसलेल्याने तिला गाठलं. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, "ह्येला वरडायची मेहनत नगं. दुसऱ्याच्या गळ्यावर ह्येचा संसार." मी ते जसंच्या तसं लिहिलं. डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "काय नजर आहे या माणसाची!" म्हणाले. मी वही मिटली. बांधावर बसून मच्छरांनी मलाही खाल्लं होतं. पण ओरडणारे तुम्ही होता, आणि गप कोण होता ते मला कळत होतं.

आता लावीचं लिहितो.

लावी म्हणजे लाव्याहून लहान, पायाला मागचं बोट नसलेली ती पाखरं. त्यांतल्या काहींच्या गळ्याखाली काळं, काहींच्या फिकं. तुमच्याकडे वेताच्या बुटक्या पिंजऱ्यात काळ्या गळ्याचं एक पाखरू पाळलेलं असायचं. माळावर गवतात पिंजरा ठेवायचा, भोवती घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास लावायचे आणि मागे सरून बसायचं. आतलं पाखरू घुमायला लागायचं, लांब कुठं तरी दळणाचं जड जातं ओढावं तसं. ते ऐकून रानातलं पाखरू तावातावाने लढायला यायचं आणि फासात पाय अडकायचा. मी म्हणालो, तितरासारखंच आहे, आत नर आणि बाहेरून भांडायला येतो तोही नर. तुम्ही मान हलवलीत. आत मादी आहे, म्हणालात. आणि लढायला येतात त्या पण माद्याच. मग तुम्ही मला पन्नास पावलांवर नेऊन गवत बाजूला करून दाखवलंत. फिक्या गळ्याचं एक पाखरू चार अंड्यांवर बसलं होतं. हाताच्या अंतरावर गेलो तरी उठलं नाही.

"ह्यो नर," तुम्ही म्हणालात. "ती चार आंडी घालती, ह्येच्या हवाली करती, आन चालली दुसऱ्याकडं. तितं बी आंडी. मग तिसऱ्याकडं. ह्यो बसतोय. पिल्लं बी ह्योच हिंडवतो."

मी हसलो. मला वाटलं तुम्ही माझी फिरकी घेताय. बसलं आहे म्हणजे मादी, ही गोष्ट माझ्या आईच्या खुराड्यात मी जन्मापासून बघत आलो होतो. मी वाद घातला. मी पुस्तकातलं बोलल्यासारखं बोललो, जे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मास्तर, तू शाळंत गेलास. त्यो न्हाई गेला." आणि फास गुंडाळायला लागलात.

मी तिथंच दगडावर बसून वहीत लिहिलं: नर घुमतो, नर लढतात, मादी अंड्यांवर बसते. तुमच्या नावावर लिहिलं. धाकू सांगतो, असं. मला खरंच वाटलं की मी तुमची चूक दुरुस्त करतोय. असलं अचाट डॉक्टरांना वाचून दाखवलं तर ते मलाच वेडा म्हणतील, नोकरीवरून काढतील, ही भीतीपण होती. माझ्या सगळ्या चुका त्या एका भीतीच्या शेजारी राहतात.

पण ती चूक फक्त सकाळपुरती होती. दिवस मावळायच्या आधी वहिनी चुलीपाशी बसून फासातलं पाखरू साफ करत होत्या. काळ्या गळ्याचं. त्यांनी पोट चिरलं आणि मला म्हणाल्या, "हात कर मास्तर." तळहातावर त्यांनी अंड्यांचा घोस ठेवला. पिवळे मणी, मोहरीएवढ्यापासून वाटाण्याएवढ्यापर्यंत, कोमट. तुम्ही समोर होता. माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाही, मला लाजवायला नको म्हणून. पिशवीत वही होती, दौत होती, बाहेर उजेड होता. दोन शब्द खोडून दोन शब्द लिहायचे होते.

मी लिहिले नाहीत. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तुम्हाला त्यांची पलटणीतली दुर्बीण दिली होती. वर्षानुवर्षं त्यांच्या गळ्यात असलेली. तुम्हाला तिचा उपयोग नव्हता, तुम्ही ती खुंटीला टांगलीत आणि वाडीतली पोरं ती उलटी धरून हसायची. त्या संध्याकाळी ती माझ्या डोक्यावरच लटकत होती. मी तिच्याकडे बघत बसलो आणि मनात म्हणालो, एकदा, फक्त एकदा, या माणसाची चूक निघू दे.

ती निघायला वर्ष लागलं. डॉक्टरांनी तेवढा मजकूर मुंबईच्या एका जाणकार पाहुण्यांना पाठवला होता. ते आले आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर हसले. या पाखरात मादी लढते आणि नर अंडी उबवतो, हे आम्हा लोकांना कधीचं ठाऊक आहे, म्हणाले. तुमचा तो गुरू कोण, त्याने तुम्हाला चांगलंच बनवलं. डॉक्टरांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. तुम्ही त्याच वेळी फाटकातून आत येत होता. नेहमीसारखे पुढच्या पायऱ्या चढून वर आलात. डॉक्टरांनी खुर्ची दाखवली नाही.

"नर लढतो असं तूच सांगितलंस?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. डोळ्यात राग असता तर मी तेव्हाच बोललो असतो, असं मी स्वतःला गेली तीन वर्षं सांगतोय. तुम्ही पायऱ्यांकडे बघत म्हणालात, "आसंल सायेब. माजंच चुकलं आसंल."

जो माणूस पाखराच्या विष्ठेवरून ते काय खाऊन आलं ते सांगायचा, त्याने सगळ्यांसमोर म्हटलं की माझं चुकलं. का? माझ्या आईचं पत्र आदल्या आठवड्यात आलं होतं, माझ्या पगाराच्या भरवशावर बहिणीचं लग्न ठरत होतं, ते मीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं. तेवढ्यासाठीच ना? डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही. चार दिवसांनी तुम्ही दुर्बीण फडक्यात गुंडाळून परत पाठवलीत, काचा पुसून. डॉक्टरांनी ती मला दिली.

मला पाहिजे ते सगळं मिळालं, धाकूभाऊ. दुर्बीण मिळाली. व्हरांड्यात मी एकटा राहिलो. वेताच्या खुर्चीत मात्र मला कुणी बस म्हटलं नाही आणि वहीत लिहायला काही उरलं नाही. मी दुर्बिणीतून झाडं बघायचो, झाडंच दिसायची.

गेल्या साली डॉक्टर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला होते तेव्हाची गोष्ट. आमच्या स्वयंपाकीण बाळाबाईंची भुरी कोंबडी अंडी घालायची थांबली. तिचा तुरा वाढून लाल झाला, पायाला कोंबड्यासारखे आर, म्हणजे काटे, फुटले, आणि एका सकाळी ती कुंपणाच्या भिंतीवर चढून चक्क आरवली. बाळाबाईंच्या हातातलं पीठ खाली पडलं. त्यांची लेक नववा महिना लागून माहेरी आलेली. कोंबडी आरवली की त्या घरात माणूस जातं, तिची मान आजच्या आज कापायची आणि ओढ्यापलीकडे टाकायची, खायचीसुद्धा नाही, असं त्यांच्यात चालत आलेलं. मी हातापाया पडलो. "माज्या शिवंच्या बाहीर ने मग," त्या म्हणाल्या, "आन परत आनू नको." मी टोपलीत घातली आणि तुमच्याकडे यायला पाशिंजर पकडली. गाडीत ती आरवली तेव्हा शेजारचा म्हणाला, कोंबडा चांगला आहे हो. मी म्हणालो, कोंबडी आहे. त्याने हळूच आपलं गाठोडं उचललं आणि दुसरीकडे जाऊन बसला.

वडगावला उतरून वाडीपर्यंत मी एकच वाक्य घोकत होतो. भाऊ, ते मी लिहिलं होतं. दारात वहिनी होत्या. "मास्तर वाट चुकला का काय?" म्हणाल्या. तुम्ही मात्र कालच भेटलो असल्यासारखे टोपली उघडून बसलात. तिचा तुरा चाचपलात, पोट दाबलंत, आर बघितलेत.

"आशी म्या दोनदा बघितलीया," तुम्ही म्हणालात. "लय आंडी दिली आसत्याल हिनं. आतलं काय तरी सुकतं. त्ये सुकलं का दुसरं उगवतं."

वहिनी म्हणाल्या, "म्हंजी बाई म्हनायचं का बापय?"

"कालपातुर बाई. आज बापय. उद्याचं उद्या बगू."

तोवर ती टोपलीतून उतरून, पंख एका बाजूला पाडून तुमच्या तलंगीभोवती, त्या तरण्या कोंबडीभोवती, गोल फिरायला लागली होती. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी घोकलेलं वाक्य ओठांवर आणलं. तुम्ही हात वर केलात.

"लिव्हलं का?"

मला वाटलं, लावीच्या पानाचं विचारताय. मग कळलं, कोंबडीचं विचारताय. डॉक्टर आल्यावर सांगीन, म्हणालो. "सांगायचं मागनं. आदी लिव्ह. जसं हाय तसं." मी उकिडवा बसून लिहिलं, तुम्ही शेजारी बसून माझ्या टाकाकडे बघत राहिलात, एकही अक्षर न कळता. वाच, म्हणालात. मी वाचलं. कोंबडी अंडी द्यायची, थांबली, तुरा आला, आर आले, आरवली, तलंगीमागे लागली. तुम्ही मान डोलावलीत.

"आता बराबर."

'आता' म्हणालात, धाकूभाऊ. तो शब्द घेऊन मी वर्षभर हिंडतोय. तुम्हाला सगळं माहीत होतं का? की तुम्ही साधंच बोललात? पुढच्या वेळी विचारू, म्हणून मी उठलो. बाळाबाईंच्या लेकीला मुलगा झाला, ते कळवायलासुद्धा मी आलो नाही.

परवा बुधा गेल्यावर मी वही घेऊन व्हरांड्यात गेलो. डॉक्टरांना आता जाड चष्म्यातून दिसतं. मी लावीचं ते पान आधी जसं लिहिलं होतं तसं वाचलं. मग तुम्ही सांगितलं होतंत तसं सांगितलं. मग चुलीपाशी तळहातावर काय ठेवलं होतं तेही सांगितलं. दुर्बीण टेबलावर ठेवली.

"म्हणजे तो खोटं बोलला," डॉक्टर म्हणाले. "आठ वर्षांत एकदाच. तेही तुझ्यासाठी."

त्यांनी चष्मा काढला आणि ते रडले. आणि मी तिथं उभा राहून काय करत होतो ते तुम्हाला सांगितलं नाही तर हे सगळं लिहिणं फुकट जाईल. माझ्या पोटात तेच जुनं दुखलं. मनात आलं, मी मेलो तर हे असे रडतील का?

मी म्हणालो, माझी ट्रंक भरून ठेवली आहे. ते म्हणाले, "आधी ते पान नीट कर. तुझं काय करायचं ते मग." मी वळलो तेव्हा त्यांनी विचारलं, "त्याच्या मुलाला काही येतं का रे?"

मला उत्तर माहीत होतं. बुधा सात वर्षांचा होता तेव्हापासून बघतोय, अंधारात पंखांच्या आवाजावरून पाखरू सांगतो. येत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खुर्ची रिकामी राहिली असती.

"येतं," मी म्हणालो. "आणि त्याला पुढच्या दाराने बोलवा."

दुर्बीण मी गुरुवारी वाडीवर घेऊन येतो. वहिनी हसतील, तुम्ही डोळ्यांनीच बघायचा म्हणतील, पण ती त्याच खुंटीला लागू दे. पान मात्र आजच नीट केलं. जुनी ओळ पुरती खोडली नाही, एकच रेघ मारली, म्हणजे मी काय केलं होतं तेही वाचता येईल. खाली नवं लिहिलं. बसा, वाचून दाखवतो.

तीन बोटांची लावी. काळ्या गळ्याची ती मादी. मादी घुमते, माद्या आपसांत लढतात. मादी चार अंडी घालून नराच्या हवाली करते आणि दुसऱ्या नराकडे जाते. अंड्यांवर नर बसतो, पिल्लंही तोच हिंडवतो. सांगणारा, धाकू. चुकीचं लिहिणारा, मी.

आता बराबर, धाकूभाऊ?